पस्तिशीनंतर सेमिनरीत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सेमिनरीतली, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातली, पहाटेची घंटा, सामायिक न्हाणीघर, रात्रीचं मौन हे सगळं अंगवळणी पडतंय म्हणतोस, ते मला पटतं. शरीर लवकर रुळतं. पण दुसऱ्या पानाच्या तळाशी तू सहज लिहून गेलास की अर्ध्या तासासाठी बाहेर जायचं तरी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या फादरांची परवानगी काढावी लागते. पत्र लिहायचं खरं कारण ते आहे, नाही का?

इतकी वर्षं तू नोकरी केलीस. हाताखालच्या माणसांच्या रजा तू मंजूर करायचास, आता तुझी रजा दुसरा कोणी मंजूर करतो. पगार सोडायची तयारी करून तू आलास, घर सोडायची तयारी करून आलास. स्वतःचं स्वतः ठरवण्याची सवय सोडायची तयारी मात्र कोणाचीच नसते. मोठ्या वयात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं घोडं इथेच अडतं. त्याला कारणही आहे. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने सेमिनरी सुरू करायला सांगितल्या त्या बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. घंटा, वेळापत्रक, परवानग्या ही सगळी घडी त्या वयासाठी बसवली गेली आणि तिचा ठसा अजून पुसलेला नाही. तुझी कुचंबणा होते यात तुझ्या पाचारणात, देवाच्या बोलावण्यात, काही खोट आहे असं समजू नकोस. चर्चला तुझ्यासारखे लोक नवे नाहीत. रोममधलं बीडा कॉलेज १८५२ सालचं, ते आज मोठ्या वयाच्या उमेदवारांनाच घडवतं. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही, प्रौढ वयात पाचारण जाणवलेल्यांना जपून मदत करा, असं धर्मगुरूंना आणि विशेषतः बिशपांना सांगितलं आहे.

आता मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. परवानगी मागण्याचा जाच चुकवायला मोठी माणसं दोन वाटा शोधतात. एक म्हणजे वर्गाचा काका होणं. वीस-बावीस वर्षांची मुलं तुला मान देतील, घरची भांडणं सांगतील, संगणक बिघडला की तुझ्या दाराशी येतील. ते गोड लागतं. आठवडाभरात तू भांडारातली कपाटं नव्याने लावशील, महिन्याभरात रेक्टरांना, सेमिनरीच्या प्रमुखांना, वेळापत्रक कसं असावं ते सांगशील. मदत जरूर कर, पण मुलांनी तुझ्याकडे यावं तसं तूही त्यांच्याकडे जा. चॅपलमध्ये बघ, सकाळच्या प्रार्थनेला ती पोरं पुस्तकातल्या रंगीत फिती न बघता बरोबर पानावर सरकवतात आणि तू अजून पान शोधत असतोस तोवर दुसरं स्तोत्र सुरू झालेलं असतं. शेजारच्या मुलाला सरळ विचार, बाबा, आज कुठली फीत? त्याला विचारण्यात तुझं काही कमी होणार नाही.

दुसरी वाट जास्त धोक्याची, कारण ती दिसायला फार सोज्ज्वळ असते. नोकरीत वरिष्ठांशी कसं वागायचं हे तू शिकलेला आहेस. हो म्हणायचं, वेळेवर हजर राहायचं, अहवाल चोख द्यायचा आणि मनातलं मनात ठेवायचं. असा माणूस सेमिनरीत वर्षानुवर्षं काढू शकतो. मूल्यमापनात त्याच्याबद्दल एक वावगं वाक्य नसतं आणि तो आतून कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. ते आज्ञापालन नव्हे, ते लपणं झालं. वीस वर्षांच्या मुलाला असं लपता येत नाही, त्याचं सगळं चेहऱ्यावर येतं. तुला लपता येतं, म्हणूनच तुला जास्त जपायला हवं.

त्यासाठी सेमिनरीतली व्यवस्था नीट समजून घे. रेक्टर आणि आध्यात्मिक मार्गदर्शक ही दोन वेगळी माणसं असतात, ती मुद्दामच. धर्मगुरुपदाच्या दीक्षेला प्रवेश द्यायचा की विद्यार्थ्याला घरी पाठवायचं हे ठरवताना मार्गदर्शकाचं किंवा कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणाऱ्या फादरांचं मत विचारायला कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा मार्गदर्शकासमोर काही हातचं राखू नकोस. जिच्याशी लग्न ठरता ठरता राहिलं तिची आठवण, एकटेपण, मित्रांच्या मुलांचे फोटो पाहून पोटात उठणारी कळ, सगळं बोल. ब्रह्मचर्य म्हणजे नक्की काय सोडायचं हे तुला त्या मुलांपेक्षा स्पष्ट माहीत आहे. ते दुःख दडपून टाकलंस तर तिथेच कडवटपणा धरेल. पण सगळं फक्त मार्गदर्शकालाच सांगून भागत नाही. कर्ज, आजारपण, आईवडिलांची जबाबदारी, पूर्वी दुसऱ्या एखाद्या संस्थेत काढलेला काळ हे रेक्टरांच्या कानावर तू स्वतः घातलं पाहिजेस.

अभ्यासाचं म्हणतोस तर पाठांतर जड जाणारच. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला तिशी ओलांडल्यावर, १५२४ साली, बार्सिलोनात लॅटिन शिकायला बसले. व्याकरण पाठ करायला घेतलं की त्यांच्या मनात भक्तीचे उमाळे यायचे, खुद्द मिस्सेत, चर्चच्या मुख्य उपासनेत, येत नसत इतके. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की हा अभ्यासापासून ओढून नेणारा मोह आहे. ते शिक्षकांकडे गेले, सगळं सांगितलं आणि पुढची दोन वर्षं वर्ग चुकवणार नाही असं वचन दिलं. मला यातलं ते सांगणं फार मोलाचं वाटतं. त्यांना दीक्षा मिळाली १५३७ साली. तत्त्वज्ञान कोरडं वाटून जपमाळ घेऊन चॅपलमध्ये जावंसं वाटेल, त्या दिवशी हे आठव.

आणि वर्षांची बेरीज करत बसू नकोस. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं लागतात, त्यात पूर्वतयारीचा आणि प्रत्यक्ष सेवेचा काळ मिळवला की आकडा वाढतो. आधीच्या शिक्षणामुळे काही सवलत देऊ केली तर विचार करून घे, स्वतः मागू नकोस. लोक तुझ्याकडे येतील तेव्हा तू किती वर्षांचा आहेस हे ते बघणार नाहीत, पण ऐकून घेणारा माणूस आहेस की नाही हे त्यांना पहिल्या भेटीत कळेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. घर विकून पैसे दान करायचा विचार तूर्त बाजूला ठेव. तू धर्मप्रांतासाठी, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या भागासाठी, शिकतो आहेस. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, मालमत्ता नावावर राहू शकते. साधेपणाने राहायचं ते राहायचंच, पण परतीचे सगळे दोर कापून घेतलेल्या माणसाला मोकळेपणाने निर्णय घेता येत नाही. हे पाचारण माझं नाही असं दोन वर्षांनी प्रामाणिकपणे म्हणता येण्याची मोकळीक तुला असली पाहिजे. तरच तुझ्या 'हो' ला वजन येईल. कर्ज असेल तर मात्र ते आधी फेड.

आईला आठवड्यातून एकदा फोन करतोस ना? ठरलेल्या वेळीच कर, ती वाट बघत असते. आणि त्या परवानगीच्या गोष्टीबद्दल मला लिहिलंस तसंच रेक्टरांना जाऊन सांग, तक्रार म्हणून नव्हे, जड जातंय म्हणून. ते काय म्हणाले ते पुढच्या पत्रात कळव. रोजच्या मिस्सेत तुझी आठवण करतो.

तुझा,
फादर