रोजच्या वापरात स्मार्टवॉच खरंच कामाचं आहे का? तोटे काय?

तीन वर्षं रोज वापरतो, म्हणून सांगतो: कामाचं आहे. नागपुरात माझा दिवस गाडीवरच जातो. फोन डिक्कीत असतो. सीताबर्डीच्या गर्दीत मनगट थरथरलं की सिग्नलला थांबून नुसतं बघायचं, आईचा फोन आहे की आणखी कुणाचा. आईचा असला तर गाडी बाजूला घेतो. एवढ्यासाठीही मी ते पुन्हा घेईन.

आता तोटे. पहिला आपल्या उन्हाचा. ॲपल आपल्या घड्याळासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. गाडीवर ऊन थेट मनगटावर येतं, घड्याळ चटका बसेल इतकं तापतं. घामाने पट्ट्याखाली बारीक लाल पुरळही उठतं. घरी आल्याबरोबर घड्याळ काढा, मनगट धुऊन कोरडं करा.

आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास नको. मागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताचा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असला की आकडा चुकतो. पावलं हाताच्या हालचालीवरून मोजली जातात. बायको कणीक मळताना पावलं वाढतात, आणि भाजीची पिशवी धरून हात स्थिर असला की चाललेलीही कमी दिसतात.

छातीत दुखलं तर घड्याळ काहीही दाखवो, सरळ डॉक्टरकडे जा. ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा.