भाजल्याच्या चट्ट्यावर जाईचा वेल

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या चकल्या तळताना कढई कलंडली आणि डावा हात मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत भाजला. जखम भरली, चट्टा राहिला. थोडा भाग पांढरट, थोडा काळपट, आणि मनगटाजवळ दोरीसारखी एक उंच रेघ. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी हात धरून ‘अगं बाई, हे काय?’ म्हणतंच. आता मी उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते. त्या चट्ट्यावर जाईचा वेल गोंदवून घ्यावा असं फार मनात आहे. सासूबाई म्हणतात, भाजलेल्या जागी परत टोचून घेणार का? चट्टा पूर्ण झाकला जाईल का? दुखतं का फार? कानाला दुसरं भोक पाडलं होतं तेव्हा तिथे वाटाण्याएवढी गाठ आली, ती अजून आहे, म्हणून टोचण्याची जरा भीती वाटते. मे महिन्यात दिरांचं लग्न आहे, त्याआधी होईल ना?
— एक वाचक, कराड

उत्तर : पत्र वाचून संपवलं आणि मी पुन्हा त्या वाटाण्याएवढ्या गाठीपाशी आले. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण मला विचाराल तर सगळं पत्र तिच्यात आहे.

कान टोचल्यावर आलेली आणि वर्षानुवर्षं न गेलेली गाठ केलॉईड असू शकते. काही जणांच्या त्वचेला जखम भरताना कुठे थांबायचं ते कळत नाही. ती मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढत राहते. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत हे जास्त दिसतं, आणि कानाची पाळी, छाती, खांदे या तिच्या आवडत्या जागा. टॅटू म्हणजे तरी काय, सुईने केलेल्या हजारो बारीक जखमा. ज्या त्वचेने एका भोकाला वाटाणा दिला, ती हजार भोकांना काय देईल?

तेव्हा आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कान दाखवा आणि मनगटाची ती दोरीही दाखवा. भाजलं होतं तेवढ्याच जागेत ती उंच आहे की बाजूच्या चांगल्या त्वचेत सरकली आहे, हे डॉक्टर बोटांनी चाचपून सांगतील. खाज येते का, रंग लालसर आहे का, गेल्या वर्षभरात वाढली का, हे त्या विचारतील, तर आधीच आठवून ठेवा. आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर माझ्यासारख्या टॅटू काढणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून ‘हो’ मिळवायला जाऊ नका. मिळेल, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगते.

माझंच सांगते. या धंद्यातलं माझं दुसरं वर्ष होतं. एक मुलगा पोटरीवरचा अपघाताचा व्रण घेऊन आला. व्रण पाच महिन्यांचा, अजून गुलाबी. मला काम हवं होतं, त्याला घाई होती. मी पंख काढून दिला. शाई कडेने फुटली, टीपकागदावर शाई पसरते तशी, आणि व्रण आधीपेक्षा वर आला. पैसे परत केले, पण पंख कसा परत घेणार? तेव्हापासून वर्षाच्या आतल्या व्रणाला मी हात लावत नाही, आणि भाजल्याचा असेल तर दीड वर्षही थांबवते. व्रण फिकट, मऊ, सपाट झाला पाहिजे आणि काही महिने जसाच्या तसा राहिला पाहिजे. तुमची तीन वर्षं झाली आहेत, म्हणजे काळाच्या बाजूने अडचण नाही.

आता समजा, डॉक्टर ‘हरकत नाही’ म्हणाल्या. तरी ‘पूर्ण झाकला जाईल का’ याला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. टॅटू रंग झाकतो, उंचसखलपणा झाकत नाही. तिरप्या उन्हात ती दोरी दिसेल, हात फिरवला की लागेल. काही जणी म्हणतात, मग कातडीच्या रंगाचीच शाई भरा. ते मी करत नाही. हात उन्हाने काळवंडतो, हिवाळ्यात उजळतो, शाई मात्र आहे तिथेच बसते, आणि दोन वर्षांत चट्ट्यावर आणखी एक चट्टा दिसायला लागतो. कोडावर किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर असं रंग जुळवायचं काम करतात, पण ते त्यात शिकलेल्या माणसाचं काम, आणि कोड असेल तर ते आधी स्थिर झालेलं लागतं.

तुमच्या वेलाचं बोलू. जाईची नाजूक, केसासारखी रेघ व्रणावर टिकत नाही. ती कातडी कुठे कडक, कुठे पातळ असते. शाई एका ठिकाणी बसतच नाही आणि दुसऱ्या ठिकाणी पसरते. अक्षरं आणि भौमितिक आकृत्या तर तिथे वाकड्याच होतात. त्यापेक्षा भरीव पानं घ्या, छटा असलेली, तुटक कडांची. फुलं चट्ट्याच्या बाहेर, चांगल्या त्वचेवर काढायची, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिकडे जाते. काळपट भागावर गडद हिरवा-काळा चालतो, फिका रंग तिथे मळल्यासारखा दिसतो. आणि ती दोरी? माझं मन असं की तिच्यावर सुई चालवूच नये. वेलाचं एखादं वळण तिच्या शेजारून न्यायचं, मग ती देठासारखी दिसते. माझ्याकडे आलेल्या एका ताईंना हे पटायला तीन भेटी लागल्या.

मी पहिल्या भेटीत मशीन काढतच नाही. पेनाने हातावर वेल काढून देते आणि दोन दिवस तसाच ठेवायला सांगते. शाळेत जा, भाजी आणायला जा, सासूबाईंना दाखवा. कुणी काय म्हणालं त्यापेक्षा बाही वर करताना तुम्हाला कसं वाटलं, ते मला येऊन सांगा. दुसऱ्या भेटीत चट्ट्याच्या कोपऱ्यात तीन-चार ठिपके टोचायचे आणि किमान दोन महिने वाट बघायची. तुमच्या बाबतीत डॉक्टर आणखी थांबायला सांगतील, कारण केलॉईड सावकाशही उगवतो.

दुखण्याचं म्हणाल तर व्रण लहरी असतो. एका इंचावर काहीच कळत नाही आणि पुढच्या इंचावर डोळ्यांत पाणी येतं. बधिर करायचं मलम औषधाच्या दुकानातून आणून स्वतःच हातभर थापू नका, डॉक्टरांना विचारूनच.

सासूबाईंवर रागावू नका. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती आणि हनुवटीवर ठिपके. काजळी आणि सुई, आणि आळीतल्या सगळ्या पोरींना एकाच सुईने. जत्रेत बॅटरीवरच्या मशीनने आजही काही ठिकाणी तसंच चालतं. हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही अशा सुईतून जाऊ शकतात. सासूबाईंची भीती खोटी नाही, तेव्हा त्यांनाच सोबत घेऊन स्टुडिओत जा आणि दोघी मिळून बघा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटतं का, त्यावरची तारीख कुठली. शाई छोट्या टोपणात ओतून उरलेली फेकतात की बाटलीत परत जाते. फोन उचलल्यावर हातमोजे बदलतात का. शाई पातळ करायला नळाचं पाणी तर घेत नाहीत ना, हे विचाराच. त्या पाण्यातले जंतू त्वचेत महिनोन्‌महिने ठाण मांडतात. मी स्वतः हेपटायटिस बीची तिन्ही इंजेक्शनं घेतली आहेत. ती घेतली का, हा प्रश्न कुणी मला विचारला तर राग येत नाही, बरं वाटतं.

झाल्यावर घरात कुणीतरी हळद घेऊन येईल, कुणी खोबरेल. दोन्ही नको. साध्या सौम्य साबणाने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, सांगितलेलं मलम पातळ लावायचं. वरची त्वचा भरायला दोन ते चार आठवडे लागतात, व्रणावर जास्तच. तोवर पोहणं नाही, ऊन नाही, खपली काढणं नाही. तुम्ही शिक्षिका, म्हणून खडूची धूळही नाही. फळ्याकडचा हात उजवा असेल तर निभेल. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर मला फोटो पाठवत बसू नका, सरळ दवाखाना. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेही लक्षात ठेवा.

मे महिन्यातलं लग्न मात्र सोडून द्या. डॉक्टर, ठिपके, वाट बघणं, हे सगळं त्याआधी बसत नाही, आणि ताज्या टॅटूवर मेचं ऊन आणि मांडवातली हळद मला चालणार नाही. लग्नापुरता चट्टा झाकायचाच असेल तर डाग लपवण्यासाठीचा खास मेकअप मिळतो, तो आधी कोपराच्या आत लावून बघा. आणि केलॉईडच निघाला तर त्यात भरायची इंजेक्शनं आहेत, सिलिकॉनच्या पट्ट्या आहेत. दोरी त्याने पुष्कळदा खाली बसते. माझ्याकडून त्यातलं काही होणार नाही, पण तुमचं काम होईल.

प्रश्न : दंडावर लहानपणी पत्रा लागल्याची लांब खूण आहे. त्यावर वाघ काढायचा आहे. अग्निवीर भरतीची तयारीही चालू आहे. काढू का?
— एक वाचक, बीड

उत्तर : नको रे बाबा. सैन्यभरतीत कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सूट आहे, ती तुला लागू नसेल तर दंडावरचा वाघ तुला मेडिकलमधून घरी पाठवेल. भरतीची जाहिरात स्वतः वाच, मित्राने सांगितलेलं धरू नकोस. आणि ‘नंतर लेझरने काढून टाकू’ असं मनात असेल तर तेही सोड. त्याला बऱ्याच बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये कित्येक आठवडे जातात, आणि पुसट सावली राहिली तर भरतीचं वय त्यातच निघून जाईल.