आभारात नाव, लेखकांत नाही

पत्र : मी इंदूरला सुदामा नगरात राहते. मुलगी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा महिने तिने शहरातल्या एका लॅबमध्ये थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थाच्या अगदी पातळ थरावर, प्रोजेक्ट केला. फिल्मला सारखे तडे जायचे. तापवण्याचा वेग कमी करून बघायची कल्पना तिची, आणि त्यानंतरच नमुने नीट यायला लागले. आता त्या कामाचा पेपर जर्नलला गेलाय. लेखक म्हणून सर आणि पीएचडी करणारी दोन मुलं, हिचं नाव शेवटी आभारात. दोन दिवस नीट जेवली नाही. त्यातच एका जर्नलचा ईमेल आला : साडेतीन हजार भरा, सात दिवसांत तुमच्या एकटीच्या नावावर पेपर छापू, ‘यूजीसी अप्रूव्हड’. शनिवारपर्यंत सवलत आहे. भरावेत का? मी स्वतः सरांना फोन करू का? पुढे पीएचडीला गाइड बाईच बघावी का? तिच्या आत्या म्हणतात, सहा वर्षं घालवून हेच व्हायचं असेल तर बीएड काय वाईट.

उत्तर :

ताई, नमस्कार.

शनिवार जवळ आलाय म्हणून ते आधी सांगते : पैसे भरू नका. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपली ‘केअर’ नावाची जर्नलची यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंदच केली. जर्नल पारखायचं काम आता विद्यापीठांनी स्वतः करायचं आहे. तेव्हा ‘यूजीसी अप्रूव्हड’ असं आज कोणी लिहीत असेल तर तो शिळा शिक्का आहे. ईमेलमध्ये आयएसएसएन क्रमांकही ठळक दिला असेल. तो नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक आहे, त्यावरून दर्जा कळत नाही.

पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असतं असं मात्र समजू नका. वाचकाला फुकट मिळणारी पुष्कळ चांगली जर्नल्स लेखकाकडून शुल्क घेतात, आणि ते साडेतीन हजारांच्या कितीतरी पट असतं. पण तिथे पेपर आधी विषयातल्या तज्ज्ञांकडे जातो, महिने लागतात, प्रश्न येतात, पुष्कळदा पेपर साभार परतही येतो. पैशाची वेळ येते ती सहसा स्वीकारल्यानंतर. सात दिवसांत हे होत नाही. सात दिवसांत लग्नपत्रिका छापून मिळते.

याहून मोठा धोका तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. तीच मोजमापं, तेच आलेख दुसऱ्या एका पेपरमध्ये आधीच जर्नलकडे गेलेले आहेत. ते हिने सरांना न विचारता, एकटीच्या नावावर दुसरीकडे छापले, तर आज जिच्यावर अन्याय झालाय तीच उद्या गुन्हेगार ठरेल. एकच काम दोन ठिकाणी देणं आणि सहकाऱ्यांच्या संमतीशिवाय देणं, हे दोन्ही संशोधनात गंभीर गैरवर्तन धरलं जातं. साडेतीन हजार देऊन स्वतःची बाजू घालवून बसायचं कशाला?

आता मूळ दुखण्याकडे येते.

पेपरवर नाव कोणाचं, याला नियम आहेत, पण लॅबमध्ये ते कोणी वाचून दाखवत नाही. फिजिक्समधल्या मोठ्या संस्थांपैकी अमेरिकन फिजिकल सोसायटीचं म्हणणं साधं आहे : संशोधनाची कल्पना, आखणी, प्रत्यक्ष काम किंवा निष्कर्षांचा अर्थ लावणं यांत ज्यांचा लक्षणीय वाटा आहे, त्या सगळ्यांना लेखक होण्याची संधी द्यायला हवी. बाकी मदत करणाऱ्यांचे आभार मानावेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती आणखी एक पायरी पुढे जाते. लेखन-तपासणीत भाग घेणं ही त्यांच्याकडे लेखकपणाची अट आहे. पण ज्याने मूळ कामात मोठा वाटा उचलला त्याला मसुदाच दाखवायचा नाही आणि मग ‘याने लिहिण्यात भाग घेतला नाही’ म्हणून वगळायचं, असं चालणार नाही, हेही त्यांनी सोबतच लिहून ठेवलंय. कोणत्या अनुभवातून हे वाक्य घालावं लागलं असेल ते तुम्हीच ओळखा.

तुमची लेक या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे? मी तिच्या लॅबमध्ये नव्हते, तेव्हा निकाल देत नाही. दुसऱ्याने बनवलेले नमुने दुसऱ्याने सांगितल्याप्रमाणे मशीनवर ठेवून आकडे उतरवले असतील, तर आभार ही योग्य जागा आहे, आणि हे ऐकायची तयारी तिने ठेवावी. पण तुम्ही लिहिलंय तसं तड्यांचं कारण तिने शोधलं असेल, वेग कमी करून बघायचं तिने ठरवलं असेल आणि पेपरमधले नमुने त्याच पद्धतीने केलेले असतील, तर ते आखणीत येतं. त्यावर नाव मागणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

पेपर अजून छापलेला नाही, ही चांगली गोष्ट आहे. जर्नलकडे गेलेल्या पेपरमध्ये लेखकाचं नाव वाढवता येतं. सगळ्या लेखकांची लेखी संमती आणि कारण द्यावं लागतं, बस. रिव्ह्यूअरचे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, शेरे आले की पेपर सुधारून पाठवतातच, तेव्हा हे सहज होऊन जातं. छापून झाल्यावर शुद्धिपत्र काढावं लागतं, आणि त्याला कोणताही गाइड खळखळ करतोच.

आणि फोन तुम्ही करायचा नाही. आईचा फोन गेला की कामाचा प्रश्न बाजूला राहतो आणि ‘घरचे लोक मध्ये पडतात’ एवढंच सरांच्या लक्षात राहतं. तिने स्वतः वेळ मागून एकटीने भेटावं. लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अवाक्षर नको. जाताना वही न्यावी, ज्या पानांवर तो बदल तारखेसह लिहिलेला आहे ती पानं खूण करून. इंदूरच्या लॅबमध्ये बोलणं हिंदीतच होणार, तेव्हा तसंच सांगते : “सर, हीटिंग रेट वाला काम मैंने किया था। ऑथरशिप कैसे तय हुई, मैं समझना चाहती हूँ।” एवढंच बोलून थांबावं. आरोप करायचा नाही, रडायचंही नाही, आणि रडू आलंच तर पाणी पिऊन पुढचं वाक्य बोलावं. भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल : आपण भेटलो, हे बोललो, आभारी आहे. हा ईमेल पुढे कामाला येतो.

कित्येकदा गाइडच्या हे ध्यानातच नसतं. मसुदा मोठ्या मुलांनी लिहिला, नावं त्यांनी घातली, सरांनी घाईत सही केली. आणि सर ‘नाही’ म्हणाले तर? मग तिने केलेल्या कामाचा स्पष्ट उल्लेख असलेलं शिफारसपत्र मागावं. स्वतःच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तो भाग तपशिलात लिहावा, कारण तो रिपोर्ट तिचाच आहे. आणि पीएचडीला त्या लॅबकडे वळू नये. भांडण जर्नलपर्यंत नेता येतं, पण एमएस्सीच्या मुलीला ते परवडतं का, हे तिने ठरवावं. मी तरी आग्रह धरणार नाही.

हे तिच्या एकटीच्या वाट्याला आलंय असं तिला वाटत असेल, तर तिला हे सांगा. २०२२ साली ‘नेचर’मध्ये अमेरिकेतल्या संशोधक गटांचा एक मोठा अभ्यास आला. एकाच गटात काम करणाऱ्यांपैकी कोणाचं नाव पेपरवर लागतं, ते त्यांनी तपासलं. बायकांचं नाव लागण्याची शक्यता पुरुषांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी निघाली, पेटंटवर तर ५८ टक्क्यांनी.

“मग गाइड बाईच बघावी का?” या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ठामपणे ‘नाही’ असं द्यायचंय. २०१२मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. विज्ञान शाखांच्या १२७ प्राध्यापकांकडे लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. अर्ज शब्दशः तोच, फक्त काहींना त्यावर जॉन नाव दिसलं, काहींना जेनिफर. जॉनला त्यांनी वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर देऊ केले, जेनिफरला २६,५०८. आणि हा भेद करण्यात प्राध्यापक बायका पुरुषांच्या मागे नव्हत्या.

मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, कारण मी ते केलंय. कॉलेजात शिकवत असताना एका प्रदर्शनात आमच्या प्रयोगाची माहिती सांगायला मी मुलाला उभं केलं. सगळी मांडणी मुलीने केली होती. ती घाबरेल असं मला वाटलं. तिला मी विचारलंच नव्हतं. बक्षीस घ्यायला मुलगा वर गेला आणि ती खाली वायरी गुंडाळत राहिली. ते वायरी गुंडाळणं मला अजून दिसतं.

म्हणून गाइड बाई आहे की पुरुष, यापेक्षा त्या लॅबचा हिशेब बघा. गाइडच्या मागच्या पाच वर्षांच्या पेपरांत पहिलं नाव कोणाचं असतं? विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात की नेहमी एकाच लाडक्याचं? किती मुली आल्या आणि किती प्रबंध देऊन बाहेर पडल्या? किती वर्षांत? सध्याचे विद्यार्थी मोकळं बोलणार नाहीत, तेव्हा लॅब सोडून गेलेल्या एकीला गाठून विचारायला सांगा. आणि रुजू होण्याआधी, पहिल्याच भेटीत, गाइडला विचारायचं : “तुमच्याकडे पेपरवर नावं कशी ठरतात?” हा प्रश्न ऐकून जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये. हीच विचारपूस एमएस्सीच्या प्रोजेक्टआधी झाली असती तर आज ती जेवली असती. दोष तिचा नाही. हे तिला कोणी सांगायलाच हवं होतं.

दारातच प्रश्न विचारणाऱ्या मुलीची गोष्ट तुमच्या गावचीच आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण, जन्म इंदूरचा. १९३३मध्ये मुंबईची बीएस्सी पहिल्या नंबराने होऊन त्यांनी बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटला (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत, जाऊन कारण विचारलं. शेवटी पहिलं वर्ष परीक्षेवर काढायचं, अशा अपमानकारक अटीवर प्रवेश मिळाला. १९३९मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली तेव्हा त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. (आजच्या चारशे पानी प्रबंधांकडे बघून मला हे नेहमी आठवतं.) तुमच्या लेकीने आपल्या फिल्मचा रामन स्पेक्ट्रम, म्हणजे याच रामन यांच्या नावाची प्रकाशाची चाचणी, काढलाच असेल. काढताना हेही तिला माहीत असू दे.

त्याच बेंगळुरूला रामन यांच्या लॅबमध्ये अण्णा मणी होत्या. हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर त्यांनी एकटीच्या नावाचे पाच पेपर लिहिले, १९४५मध्ये प्रबंध दिला. मद्रास विद्यापीठाने पीएचडी दिली नाही, कारण एमएस्सी केलेली नव्हती. पदवी नाही ती नाहीच, पण ते पाच पेपर त्यांच्याच नावावर आहेत. पुढे देशभरच्या हवामान वेधशाळांची उपकरणं त्यांनी इथे बनवून घेतली. पेपरवरच्या नावासाठी मी एवढी चिकटून का बोलतेय, ते आता लक्षात येईल.

राहिल्या आत्याबाई. त्यांची काळजी खोटी नाही, वर्षं लागतातच. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन, अशी एकूण दहापर्यंतची मुभा आहे. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही आहे. दहा ही मर्यादा आहे, तेवढी लावायची नसतात. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये येतात, म्हणजे ती वर्षं घरच्या जिवावर काढायची नसतात. बीएडलाही नावं ठेवू नका, मी त्याच धंद्यातली. फक्त रागाच्या भरात ते निवडू नये.

आणि मुलींना भवितव्य आहे का? २०२१-२२च्या सरकारी उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत २९.८ लाख मुली होत्या आणि २७.४ लाख मुलगे. वर्गात मुली जास्त आहेत. प्राध्यापकांच्या खोल्यांच्या दारावरच्या पाट्या वाचत गेलात तर हे प्रमाण दिसत नाही. मधल्या जिन्यावर गळती होते, आणि आभारातलं नाव ही त्यातली एक पायरी आहे. मध्ये खंड पडलेल्या बायकांना परत आणायला केंद्राच्या विज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. ती आज तिच्या कामाची नाही, पण नाव लिहून ठेवा.

तुमच्या गावात तिला फार लांब जायला नको. खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारातलं यूजीसी-डीएई संशोधन केंद्र आहे, सिमरोलला आयआयटी आहे, आणि राजा रामण्णा केंद्रात इंडस सिंक्रोट्रॉन, म्हणजे पदार्थ तपासायला प्रखर किरण देणारी मोठी यंत्रं, आहेत. थिन फिल्म करणाऱ्या मुलीला याहून चांगला शेजार कुठला मिळणार? पण संस्थेच्या नावावर भुलू नका, वरचा हिशेब तिथेही करायचाच.

एक तातडीचं. प्रोजेक्ट संपला की लॅबची वही जमा करावी लागते, ती लॅबचीच असते. जमा करण्याआधी आपल्या हातच्या पानांची प्रत ठेवू का, असं तिने सरांना विचारून घ्यावं आणि तारखा दिसतील असे फोटो काढावेत. हे सरांशी नावाबद्दल बोलण्याच्या आधी व्हायला हवं.

तुमची,
करिअरताई