वाचकांचे प्रश्न: नोकरी सांभाळून एमए करायचंय

प्रश्न: ताई नमस्कार, मी कराडजवळ एका पतसंस्थेत क्लार्क आहे, वय ३३, बीए होऊन बरीच वर्षं झाली. राज्यशास्त्रात एमए करून पुढे नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) द्यायची इच्छा आहे. इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) फॉर्म भरावा असं वाटतंय पण ऑफिस साडेनऊ ते सहा, मुलगी चौथीत, सासूबाईंचं पथ्यपाणी, आणि मार्च एन्डला तर पिग्मीचे हिशोब जुळवता जुळवता रात्रीचे नऊ वाजतात. त्यात आमचे साहेब म्हणाले बाहेरून केलेल्या एमएला कोण विचारतंय, कशाला पैसे घालवता. तेव्हापासून धीरच होईना. दोन वर्षांत होईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, आधी साहेबांचं बोलणं डोक्यातून काढा. मान्यता असलेल्या विद्यापीठातून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच धरायची, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीत लिहिलेलं आहे आणि २०२२ मध्ये यूजीसीने ते परत जाहीरही केलंय. नेटलाही हे एमए चालतं. तिथे बघतात ते टक्के, खुल्या गटाला ५५ आणि नॉन क्रीमी लेयर ओबीसी, एससी, एसटी, दिव्यांग यांना ५०. म्हणजे तुम्हाला नुसतं पास होऊन भागणार नाही, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

आता दोन वर्षांचं. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे पेपर आठ-आठ क्रेडिटचे, म्हणजे एका पेपरला २४० तास आणि चार पेपरचे ९६० तास, आठवड्याला अठरा-एक तास झाले. तुमचा दिनक्रम वाचून मला हे दोन वर्षं सलग निभेल असं वाटत नाही आणि तसा हट्टही करू नका. एमएला किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात, तुम्ही तीन धरून चाला. इथे वर्ष वाया जाणं हा प्रकारच नाही, पहिल्या वर्षाचे पेपर राहिले तरी दुसऱ्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन करता येतं आणि परीक्षेला किती पेपरचा फॉर्म भरायचा ते आपण ठरवायचं. दोन डिसेंबरला द्या, दोन पुढच्या जूनला, कुणी नापास म्हणणार नाही. फक्त परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो हो, अॅडमिशन घेतलं म्हणजे हॉल तिकीट आपोआप येईल असं समजून बसणारे दर वर्षी भेटतात.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी खास सांगते कारण तुम्ही पतसंस्थेत आहात. इग्नूची अॅडमिशन वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलै. जुलैला घेतलं तर पहिली परीक्षा पुढच्या जूनला, म्हणजे असाइनमेंट पूर्ण करायची वेळ आणि परीक्षेच्या फॉर्मची धावपळ बरोब्बर तुमच्या मार्च एन्ड आणि ऑडिटच्या तोंडावर. जानेवारीला घेतलं तर मार्चमध्ये पुस्तकं नुकती हातात आलेली असतात, महिनाभर हात नाही लागला तरी बिघडत नाही, मग एप्रिल ते सप्टेंबर नीट मिळतात आणि परीक्षा डिसेंबरला. तुम्ही जानेवारीच धरा, सहा महिने थांबायला लागलं तरी चालेल. तोपर्यंत ई-ज्ञानकोश या साइटवर इग्नूची सगळी पुस्तकं फुकट आहेत, राजकीय सिद्धांताचा पहिला पेपर आत्ताच उघडून बघा, झेपतंय की नाही ते कळेल.

सुरुवात कुठून म्हणाल तर असाइनमेंटपासून. आमच्या अभ्यासकेंद्रावर मी रविवारी क्लास घेते, तिथे सगळ्यात जास्त माणसं गळतात ती इथेच. पुस्तकं आली की पहिल्या पानापासून वाचायला घेतात, चाळीसेक पानांत दमतात आणि असाइनमेंट शेवटच्या आठवड्यात कुणाचंतरी बघून उतरवतात. झेरॉक्सच्या दुकानात आणि टेलिग्रामवर सोडवलेल्या असाइनमेंट विकत मिळतात, कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन असतं, दोन्हीकडे स्वतंत्रपणे ४० टक्के मिळवावे लागतात, उतरवून काढलेल्या असाइनमेंटने तीस सुटतील पण सत्तरच्या वेळी डोकं रिकामं राहील. त्यापेक्षा उलटं करा. असाइनमेंटचा एक प्रश्न घ्यायचा, तो कुठल्या युनिटमधला ते शोधायचं, तेवढंच युनिट दोनदा वाचायचं आणि पुस्तक मिटवून आपल्या शब्दांत हाताने लिहून काढायचं. पंधरा दिवसांत एक प्रश्न झाला तरी पुरे. परीक्षेला तीन तास सलग लिहायचं असतं, इतक्या वर्षांनी हात दुखतो, तीही सवय यातच होते. केंद्रावर जमा केलं की पोच घ्या, पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि ग्रेड कार्डवर मार्क चढले का ते बघत रहा, कारण मार्क चढायचे राहिले तर मागे लागायला हातात पुरावा पाहिजे.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो मोठा आहे. इग्नूच्या या एमएची पुस्तकं आणि पेपर इंग्रजी किंवा हिंदीत, मराठीत उत्तरं लिहिता येत नाहीत. तुम्हाला मराठीतच मोकळं लिहिता येत असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, या दोन्हीकडे यंदा तुमचा विषय आहे का ते त्यांच्या साइटवर बघा आणि मगच ठरवा. नेटसाठी टक्के हवेत ना, मग भाषा आपली असलेली बरी असं माझं स्पष्ट मत आहे.

सुट्टीचं आत्तापासून बोलून ठेवा. पेपर महिनाभर पसरलेले असतात, सलग रजा लागत नाही, पेपरच्या दिवशी एक आणि जमलं तर आदल्या दिवशी एक. घरीही मिस्टरांना सांगा की रविवारची सकाळ तुमची, त्या वेळी सासूबाईंच्या गोळ्या आणि मुलीचा अभ्यास त्यांच्याकडे. हे आधी न ठरवता फॉर्म भरू नका, कारण अभ्यासाचा वेळ उरत नसतो, तो कुणाकडून तरी मागून घ्यावा लागतो.

प्रश्न: लातूरला एक एजंट म्हणतोय बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाचं एमकॉम एका वर्षात, परीक्षा तोच बघेल. मी कंपनीत अकाउंटंट आहे, प्रमोशनसाठी डिग्री पाहिजे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. दूरशिक्षणाचं एमकॉम दोन वर्षांचं असतं आणि तुमची परीक्षा दुसरा कोणी बघत असेल तर ती पदवीच नाही, उद्या कंपनीने व्हेरिफिकेशनला पाठवली तर प्रमोशन सोडा, आहे ती नोकरी जाईल. विद्यापीठाला या कोर्सची मान्यता आहे का ते यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या साइटवर वर्षवार दिसतं. शिवाय २०२४ पासून अॅडमिशनच्या आधी डीईबी आयडी काढावा लागतो, त्यासाठी डिजीलॉकरमधून एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो. दोन्ही घरबसल्या फुकट निघतात. एजंट म्हणाला आयडीची गरज नाही तर तिथेच उठून या. पैसे दिले असतील तर पावती, मेसेज सगळं जपून ठेवा आणि पोलिसात तक्रार करा.

प्रश्न: मला दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एमए करायचंय, कुठे करू?

उत्तर: आता नवीन अॅडमिशन मिळणार नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित काही विषय दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन शिकवणं बंद केलंय. नियमित कॉलेजच बघावं लागेल. कुणी अजूनही सीट आहे म्हणत असेल तर फी भरू नका.