शेतातल्या कामानं मूल काटक होतं का? माझ्या अनुभवावरून उत्तर

तुम्ही विचारलंय की लहानपणी शेतात राबलेली मुलं खरंच जास्त काटक आणि जबाबदार निघतात का, आणि तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला मे महिन्याच्या सुट्टीत गावी चुलत्यांकडे पाठवावं का.

मी माण तालुक्यातला (सातारा जिल्हा, दुष्काळी पट्टा). दहावीपर्यंत शाळा आणि शेत दोन्ही केलं, आता वीस वर्षं पुण्यात आहे.

आधी ताकदीचं. आमच्याकडं मुख्य पीक शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. आमच्या भागात शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारीत पहाटे, पाल्यावर दव असताना सुरुवात करायची, कारण ऊन चढलं की पाला वाळून करकरीत होतो आणि हात कापतो. कमरेत वाकायचं, दोन-दोन ताटं बुडाशी धरायची, जरा पीळ देऊन ओढायची, मुळांची माती नडगीवर आपटून झाडायची. पहिल्या दिवशी तळहाताला फोड, चौथ्या दिवशी फोड फुटलेले, दहाव्या दिवशी घट्टे. पुण्यात पहिल्यांदा जिममध्ये गेलो तेव्हा माझ्यासोबतचा मुलगा माझ्या दीडपट वजन उचलायचा, पण बारला लोंबकळायची पैज लागली की तो माझ्या आधी खाली यायचा. शेतातली ताकद अशी असते. दंड फुगत नाहीत; पकड, कंबर आणि दम येतो. वयात येण्याआधी मुलांचे स्नायू तसेही फार वाढत नाहीत, आहेत तेच स्नायू नीट वापरायला शरीर शिकतं. त्या वयात हाडांवर बेताचा भार पडला तर तीही भक्कम होतात. हे धावण्याखेळण्यानंही होतंच, त्यासाठी शेतच पाहिजे असं नाही.

आमच्याकडं असा विषय निघाला की कुणीतरी ललिता बाबरचं नाव घेतंच. ती आमच्याच तालुक्यातल्या मोहीची, शेतकऱ्याची पोर. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर म्हणजे १९८४ नंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. अभिमान मलाही आहे. पण तिच्याइतकीच भांगलण (खुरपणी) करणाऱ्या, डोक्यावर वैरणीचा भारा आणणाऱ्या हजारो पोरी त्याच तालुक्यात होत्या. त्यातल्या बऱ्याचशांची लग्नं लवकर झाली आणि त्या आजही भाराच वाहतायत. तिला धावायला मिळालं, शिकवणारं कुणी भेटलं, म्हणून ती तिथं पोचली. नुसत्या राबण्यानं तसं होत असतं तर ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांची सगळ्यांत आधी भरभराट झाली असती. त्यांची तर शाळाच बुडते.

स्वभावाचं मात्र मला एक नक्की आठवतं.

मी सातवीत असेन. उन्हाळी कांद्याला पाणी चाललं होतं. लाईट रात्री अकराला यायची, त्यामुळं दारं धरायची, म्हणजे एकेका वाफ्याला पाणी द्यायचं, ते रात्रीच. वाफा भरला की त्याचं दार बांधायचं, पुढच्याचं मोडायचं. झोप आवरत नाही म्हणून सगळे एक युक्ती करतात: वाफ्याच्या शेवटाला बांधावर आडवं व्हायचं आणि पाय वाफ्यात सोडायचे. पाणी पायाला लागलं की जाग येते. मी तेच केलं आणि गाढ झोपलो. पाणी पायापर्यंत आलंच नाही. वर घुशीनं पोखरलेला पाट फुटला होता आणि सगळं पाणी शेजारच्या तात्यांच्या रानात चाललं होतं. तिथं त्यांचा उपटून टाकलेला शाळू, कणसांसकट, आडवा पडलेला.

पहाटे वडील आले. शिव्या नाहीत, मार नाही. एवढंच म्हणाले, "तात्याला तू सांगून ये. मी येणार न्हाई."

त्यांच्या घरापर्यंतचं ते अर्धा किलोमीटर अजून आठवतं. तात्या दात घासत होते. मी सांगितलं. त्यांनी चूळ भरली, रानात येऊन बघितलं आणि म्हणाले, "बघत काय ऱ्हायलायस? उलटाय लाग." दोन दिवस मी ती ओली ताटं उलटीपालटी करून वाळवत होतो. काही कणसं काळी पडलीच. खळं (मळणी) झाल्यावर वडिलांनी आमच्यातलं एक पोतं त्यांच्याकडं पोचतं केलं, आणि ते पाठीवर घेऊन जाताना मला पुढं चालायला लावलं.

मी जो काही जबाबदार झालो असेन तो त्या पोत्यामुळं. कांद्याच्या शंभर वाफ्यांना पाणी दिल्यानं नव्हे. माझ्या चुलतभावानं माझ्यापेक्षा जास्त काम केलंय, पण त्याला कायम "हे उचल, ते टाक" एवढंच सांगितलं गेलं. स्वतःचं म्हणून काही त्याच्या हाती कधी दिलंच नाही. आज चाळिशीतही तो कुणीतरी सांगायची वाट बघतो.

वडिलांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. चौदाव्या वर्षी त्यांनी फवारणीचा पंप माझ्या पाठीवर दिला. वारा उलटा होता, तोंडाला फडकंसुद्धा नव्हतं. रात्रभर उलट्या झाल्या. त्यानंतर त्यांनी कुठल्याच पोराला पंपाला हात लावू दिला नाही.

तर तुमच्या मुलाला पाठवा. मे महिन्यात शेतात तसंही फार काम नसतं. धसकटं (पिकाचे राहिलेले बुडखे) वेचणं, शेणखत पसरणं, जनावरं बघणं, एवढंच. कायद्याचं विचाराल तर बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या शेतात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करता येते, तीही धोक्याची नसेल तरच. फवारणी, मळणीयंत्र, ट्रॅक्टर आणि विहिरीचा काठ या चार गोष्टींपासून लांब ठेवायला चुलत्यांना आधीच स्पष्ट सांगा. गावाकडं "काय होत न्हाई" म्हणायची सवय असते.

आणि त्याला एकच गोष्ट पूर्ण सोपवायला सांगा. एखादं करडू, नाहीतर म्हशीचं दोन वेळचं पाणी. विसरला तर म्हैस रेकेल. ते त्यालाच ऐकू द्या, चुलतीनं उठून पाणी दाखवायचं नाही (ती दाखवणारच, पण सांगून ठेवा).

काम सकाळी दहाच्या आत. जाताना पूर्ण बाह्यांचे दोन जुने शर्ट द्या, हाफ पँट नको. रानात कुसळं लागतात.