चांगल्या दिवशी हात आवर

प्रिय मुली,

"बाई, तुम्हालाही हेच दुखणं आहे असं आईकडून कळलं, म्हणून तुम्हालाच विचारते," असं लिहिलंस. बरं केलंस. विचारायला कुणी नाही म्हणून एकटीनं सोसत बसण्यासारखा हा आजार नाही.

आधी तुझ्या आईची शंका. डॉक्टरांनी अंगाला हातसुद्धा फारसा लावला नाही, मग फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा हा आजार, कसा ठरवला, असं त्या विचारतात. 1990च्या निकषांप्रमाणे अंगावरच्या ठरावीक 18 जागा दाबून पाहायचे आणि त्यातल्या 11 दुखल्या की निदान व्हायचं. 2010 साली नवे निकष आले आणि ती अट गेली. आता दुखणं अंगभर किती ठिकाणी पसरलंय, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, थकवा किती आहे, डोकं चालेनासं होतं का, आणि हे सगळं तीन महिने तरी चाललंय का, हे पाहतात. थायरॉइड, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, बी12, डी जीवनसत्त्व या रक्ताच्या तपासण्या दुसरा कुठला आजार नजरेतून सुटू नये म्हणून असतात. त्या चांगल्या आल्या म्हणून तुझं दुखणं खोटं ठरत नाही.

आणि ते खरं आहे हे दाखवून झालेलं आहे. 2002 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजूनमापून दाब दिला आणि त्याच वेळी एमआरआय यंत्रात त्यांचा मेंदू पाहिला. रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग जेवढ्या दाबाला जागे झाले, तेवढ्यासाठी निरोगी माणसांना कितीतरी जास्त दाब द्यावा लागला. सोसायटीत उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचा अलार्म मांजर बाजूनं गेलं तरी वाजत सुटतो ना, तसं आपल्या मज्जासंस्थेचं झालेलं असतं. ओढणीचा काठ खांद्यावर खुपतो, ऑफिसच्या एसीचा झोत मानेवर बोचतो, तो म्हणूनच.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि तिनं मला फार धीर दिला: दुखतंय म्हणजे आत काहीतरी फाटतंय किंवा झिजतंय असं नव्हे. फायब्रोमायल्जिया सांधे खात नाही, स्नायू कुजवत नाही. त्यामुळे चालताना पोटऱ्या दुखल्या तर घाबरून थांबायचं कारण नाही. पण म्हणून दामटून पुढे जायचं असंही नाही. या दोन्हींच्या मधली वाट कशी धरायची, तेच तुला सांगायचंय.

तू वाईट दिवसांबद्दल विचारलंस. मला तुझ्या चांगल्या दिवसांची जास्त काळजी वाटते.

वाईट दिवशी माणूस आपोआप थांबतो. घात होतो तो ज्या सकाळी अंग हलकं वाटतं त्या दिवशी. दिवाळीच्या आधीचे दिवस डोळ्यांपुढे आण. आज बरं वाटतंय म्हणून भाजणी मळायची, लगेच चकल्या तळायला घ्यायच्या, तेल तापलंच आहे तर शेवही, दुपारी पंखे आणि माळा पुसायचा, संध्याकाळी पडदे धुऊन हातानं पिळायचे. त्या दिवशी घरचे म्हणतात, "बघ, मनावर घेतलं की होतं." मग दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी अंथरुणातून पाय खाली टाकवत नाही, आणि तेच घरचे म्हणतात, "परवा तर सगळं करत होतीस!" आपण आठवडाभर पडून राहतो, स्नायू आणखी ढिले होतात, पुढचा चांगला दिवस आला की राहिलेलं सगळं त्यात कोंबतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि दर फेऱ्यात अंगातला जोर थोडा थोडा कमी होत जातो.

म्हणून आज किती करायचं हे आजच्या दुखण्याला विचारू नकोस. ते आधी ठरलेलं असू दे. फिजिओथेरपिस्ट याला पेसिंग म्हणतात. आपल्याला बेताच्या दिवशीही जेवढं झेपतं तेवढं माप धरायचं आणि चांगल्या दिवशी त्याच्यापुढे जायचं नाही. पोळ्या आठ झेपत असतील तर चांगल्या दिवशीही आठच. पंधरा मिनिटं ओट्यापाशी उभं राहिलं की पाच मिनिटं बसायचं, आणि तेही दुखायला लागायच्या आधी, फोनवर गजर लावून. दुखल्यावर घेतलेली विश्रांती उशिरा आलेली असते. चांगल्या दिवशी मन ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. या आजारात सगळ्यात कठीण काम तेच आहे, व्यायामापेक्षाही.

काही कामांची रीतच बदल. कणीक फूड प्रोसेसरमध्ये मळ. कपडे पिळायचे नाहीत, मशीनमधून काढून तसेच वाळत घालायचे. चिरायचं, निवडायचं बसून. लॅपटॉपची सॅक दोन्ही खांद्यांवर आणि त्यातलं रोज न लागणारं सगळं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. तू डोंबिवलीहून जातेस. दोन लोकल सोडून मागच्या गाडीत बसायला मिळत असेल तर त्या दोन खुशाल सोड. उशीर परवडतो, दांड्याला लटकून पूर्ण प्रवास करणं नाही. दिव्यांगांच्या डब्याचं विचारलंस. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार दिलेत, त्यात फायब्रोमायल्जियाचं नाव नाही, म्हणून केवळ याच्या आधारावर त्या डब्यासाठी लागणारा दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पण ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस घरून काम किंवा गर्दी टाळून उशिरा येण्याची मुभा मागायला दाखला लागत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एचआरशी बोल. संकोच करू नकोस.

आता व्यायाम. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2017 साली फायब्रोमायल्जियाच्या सगळ्या उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात ठाम शिफारस एकाच उपचाराची केली, ती व्यायामाची. गोळ्यांची शिफारस त्यामानानं सौम्य होती. पण लोक सुरुवातच अशी करतात की चौथ्या दिवशी सोडावं लागतं. तू पाच मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात कर. हसू येईल इतकं थोडं वाटलं पाहिजे. आठवडाभर पाचच. मग सहा. वाईट दिवशी निम्मं कर, पण शून्य करू नकोस. पहिले काही आठवडे अंग थोडं जास्त दुखेल, तो अपेक्षित भाग आहे. जवळ तलाव असेल तर पाण्यातला व्यायाम फार मानवतो. योगासनं शिकायची असतील तर शिकवणाऱ्याला आधीच सांग की ताणून धरायला लावायचं नाही.

झोपेकडे तुझं लक्ष नाही असं तुझ्या मेसेजच्या वेळांवरूनच दिसलं. 1975 साली टोरंटोत मोल्डोफ्स्की यांच्या गटानं चांगल्या निरोगी माणसांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडली, तर त्यांचंही अंग दुखू लागलं. आपली झोप तर आधीच उथळ. म्हणून उठायची वेळ रविवारीही तीच ठेव, दुपारनंतर चहा नको, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. घोरत असशील किंवा रात्री पाय सारखे ओढत असतील तर डॉक्टरांना सांग, त्यावर वेगळा इलाज असतो.

औषधांबद्दल थोडंच लिहिते, कारण ते तुझ्या डॉक्टरांचं काम आहे. अमिट्रिप्टिलिनचा छोटा डोस, ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन ही नेहमीची. ड्युलोक्सेटिनच्या पाकिटावरून कुणी म्हणेल, "ही तर डिप्रेशनची गोळी!" ती वेदनेच्या वाटांवरही काम करते, म्हणून देतात. प्रीगाबालिननं गुंगी येते, वजन वाढू शकतं. यातलं काही मनानं एकदम बंद करायचं नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्याला फारसा उपयोग होत नाही, रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनीला त्रास मात्र होतो. स्टेरॉइडही यात कामाचं नाही. गरम पाण्याची आंघोळ, हलक्या हातानं तेल, शेक, यांनी बरं वाटतं, जरूर कर. मुळापासून बरं करतो म्हणून हजारोंचं पॅकेज देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा.

एक सावधगिरी. सांधा सुजला, ताप येत राहिला, वजन घटलं, हातापायातली ताकद गेली, तर "फायब्रोचंच असेल" म्हणून घरी बसू नकोस. हे त्याचं लक्षण नाही. तपासून घे.

स्थळं बघायला लागलेत आणि आई म्हणतात, मुलाकडच्यांना सांगू नकोस. माझं मत अगदी स्पष्ट आहे: सांग. चारचौघांत नाही, त्या मुलाशी एकटं बोलताना, सरळ शब्दांत. हा आजार संसर्गजन्य नाही, जीवघेणा नाही, पण रोजच्या कामावर याचा परिणाम होतो आणि घरातली कामं वाटून घ्यावी लागतील, एवढं सांगितलंस तरी पुरे. हे ऐकून जो मागे फिरेल त्याच्या घरी पाहुणे आल्यावर तुझं काय झालं असतं, याचा विचार कर. आईंच्या मनात धास्ती आहे, त्यांना दोष देऊ नकोस. पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांकडे सोबत ने, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू दे. आणि पुढे मूल हवं असेल तेव्हा आधीपासून डॉक्टरांशी बोल, काही गोळ्या बदलाव्या लागतात.

मेसेजच्या शेवटी लिहिलंस, "कधी कधी वाटतं, हे आयुष्यभर नकोच." ते वाक्य मी सोडून देणार नाही. रोजचं दुखणं मन पोखरतं. असं वाटणं हे तुझ्या दुबळेपणाचं लक्षण नाही, आणि त्यावरही उपचार आहेत. डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग. रात्री-अपरात्री असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. आणि मला फोन कर. कितीही वाजले असू देत.

संधिवाततज्ज्ञांची तारीख पुढच्या महिन्यात आहे ना? तोवर एक छोटी वही कर. रोज चारच गोष्टी: किती वाजता झोपलीस आणि उठलीस, किती मिनिटं चाललीस, दुखणं दहापैकी किती, आणि त्या दिवशी ठरलेल्या मापापेक्षा जास्त काय केलंस. चौथा रकाना प्रामाणिकपणे भर. आपलं डोकं डॉक्टरांच्या खोलीत नेमकं बंद पडतं, म्हणून वही सोबत ने आणि वाचून दाखव. जायच्या आधीच्या रविवारी तिची पानं मला फोटो काढून पाठव, आपण दोघी मिळून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढू.

तुझी,
बाई