नाताळावर लिहिण्याआधी

प्रिय तरुण मित्रा,

तुझा मसुदा दोनदा वाचला. संस्कृती, पुस्तकं, राजकारण आणि श्रद्धा एकाच लेखात आणायची तुझी ओढ मला पटते. नाताळात या चारही गोष्टी खरोखरच एकमेकींत गुंतलेल्या असतात. पण पहिल्याच परिच्छेदात गाढव, जागा नाकारणारा धर्मशाळावाला, मेंढपाळ, तारा आणि तीन राजे एकत्र आले आहेत आणि वर 'बायबलमध्ये असं सांगितलंय' हेही आलंय. तसं सांगितलेलं नाही. मत मांडायच्या आधी मूळ मजकूर वाच.

तो फार मोठा नाही. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. त्यांतल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय, ४८ वचनं. लूकाचे पहिले दोन, १३२ वचनं. सावकाश वाचलं तरी तासाभराचं काम आहे. दोन कोरे कागद घे, एक मत्तयाचा, एक लूकाचा. कोण येतं, कुठे येतं, कोण कोणाला घाबरतं, एवढंच टीप. एकाचं टिपण पुरं झाल्याशिवाय दुसरा उघडू नकोस. नाहीतर नाताळात मांडल्या जाणाऱ्या येशूजन्माच्या देखाव्यांत पाहिलेली चित्रं मध्ये घुसतात आणि दोन कथांची नकळत एक होते. तुझ्या मसुद्यात नेमकं हेच झालंय.

कागद शेजारी ठेवलेस की फरक आपोआप दिसेल. तारा, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), यहुद्यांचा राजा हेरोद, इजिप्तला पळून जाणं हे सगळं मत्तयाकडे. शिरगणती, गव्हाणी, मेंढपाळ, येशूची आई मरीया हिचं गीत हे लूकाकडे. मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. त्यांनी आणलेल्या भेटवस्तू तीन प्रकारच्या, म्हणून माणसं तीन झाली, आणि पुढच्या शतकांत त्यांचे राजे झाले. ते येतात तेही 'घरात'. गाढव दोघांकडेही नाही. देखाव्यातले बैल आणि गाढव यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनातून आले आहेत. मार्क जन्मकथाच सांगत नाही आणि योहान थेट 'शब्दा'पासून सुरुवात करतो.

आता एकाच शब्दापाशी थांब. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात, सातव्या वचनात, मराठी भाषांतरात 'उतारशाळा' येते. मूळ ग्रीक शब्द आहे 'कातालुमा', म्हणजे उतरायची जागा, पाहुण्यांची खोली. हाच शब्द लूक बाविसाव्या अध्यायात येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. पैसे देऊन मुक्काम करायची जागा सांगायची असते तेव्हा, दहाव्या अध्यायातल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (येशूने सांगितलेल्या बोधकथेत), त्याच्याकडे दुसराच शब्द आहे: 'पांदोखेइओन'. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की खोली माणसांनी भरलेली होती आणि बाळाला घरातल्याच, जनावरांच्या बाजूच्या गव्हाणीत ठेवलं. दार लावणारा धर्मशाळावाला मजकुरात नाहीच. तुझा 'निष्ठुर जगाने दार बंद केलं' हा परिच्छेद या न लिहिलेल्या माणसावर उभा आहे. तो काढ.

राजकारणावर लिहायचं तर बाहेरून काही आणावं लागत नाही. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्रिएने इथल्या इ.स.पू. ९ च्या शिलालेखात रोमन सम्राट कैसर औगुस्ताचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवार्तेचा आरंभ म्हटला आहे आणि त्याला तारणारा म्हणून गौरवलं आहे. लूक त्याच औगुस्ताच्या हुकमाने प्रसंग सुरू करतो आणि 'शुभवार्ता', 'तारणारा' हे शब्द रात्री राखण करणाऱ्या मेंढपाळांच्या कानी घालतो. त्याआधी मरीयेच्या गीतात सत्ताधारी आसनांवरून खाली येतात, भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हाताने परततात. हे गीत हळुवार अंगाईसारखं वाचायची सवय लागली आहे, ती मोडून वाच.

तारखांच्या बाबतीत जपून. हेरोदाचा मृत्यू बहुतेक इतिहासकार इ.स.पू. ४ मध्ये धरतात. लूक जिचा उल्लेख करतो ती, सूरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याची शिरगणती इ.स. ६ ची. मत्तय जन्म हेरोदाच्या काळात ठेवतो, लूक शिरगणतीशी जोडतो, आणि मध्ये सुमारे दहा वर्षांचं अंतर पडतं. ते बुजवायचा अट्टहास करू नकोस, आणि 'सगळं खोटं' असंही ठोकून देऊ नकोस. अंतर आहे, एवढं लिही. २५ डिसेंबर तर दोन्ही कथांत नाही. तो रोममधल्या ३५४ च्या पंचांगात सापडतो. सूर्यदेवाच्या सणावरून तारीख आली असं एक मत. २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले असं दुसरं. तू पहिलंच निर्विवाद म्हणून दिलं आहेस. दोन्ही दे. काही ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली) चर्च जुनं जुलियन पंचांग पाळतात, त्यांचा २५ डिसेंबर सध्या आपल्या ७ जानेवारीला येतो, कारण दोन पंचांगांत १३ दिवसांचा फरक आहे. २१०० नंतर तो १४ होईल.

'पूर्वी सण शुद्ध होता, बाजाराने बिघडवला' हे वाक्य तीन ठिकाणी आलंय. इतिहास त्याला साथ देत नाही. १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाताळ बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बंदी घालणारे नास्तिक नव्हते, कडवे प्युरिटन, म्हणजे बायबलबाहेरच्या प्रथा नाकारणारे ख्रिस्ती होते. शास्त्रात या सणाचा आदेश नाही आणि त्या दिवसांत दारू आणि जुगार फार चालतो, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकांचा भाग मात्र मला आवडला. इंग्रज कादंबरीकार डिकन्सची कंजूष स्क्रूजची गोष्ट १९ डिसेंबर १८४३ ला आली, ६,००० प्रती नाताळाआधी संपल्या; त्याच वर्षी मुलांच्या मजुरीवरचा संसदेचा अहवाल त्याने वाचला होता. कथेचा जोर गव्हाणीपेक्षा मजुरी, भूक आणि कंजुषीवर आहे, हे तू बरोबर हेरलंस. त्यावर आणखी एक परिच्छेद लिही.

श्रद्धेबद्दल लिहिताना क्रियापदं सांभाळ. 'लूक लिहितो', 'ख्रिस्ती मानतात', 'पुराव्यावरून दिसतं' ही तीन वेगळी विधानं आहेत आणि एका वाक्यात त्यांची सरमिसळ झाली की श्रद्धावंत दुखावतो आणि अभ्यासक पुस्तक मिटतो. ख्रिस्ती श्रद्धेत या दिवसाचा गाभा देहधारण आहे, देव माणूस झाला हे. तुझ्या लेखात हा शब्द एकदाही नाही. तू मानतोस की नाही हा तुझा प्रश्न, पण कोट्यवधी लोक जे मानतात ते त्यांना ओळखू येईल अशा शब्दांत आधी मांड, मग तुझी शंका घाल.

मसुदा झाला की दोघांना दे, एक श्रद्धावान, एक नसलेला. 'इथे आमचं म्हणणं चुकीचं सांगितलंय' असं वाटेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायला सांग. त्यांच्याशी वाद घालू नकोस. रेघा मोज, आणि ज्या वाक्याखाली दोघांचीही रेघ आली आहे ते आधी दुरुस्त कर. मग दोन्ही कागदांसकट मला पाठव.

तुझा हितचिंतक